कोंबड्याच्या आवाजात

सोमवार

(वहीत छापलाय रविवार. वही मागच्या वर्षाची आहे, जुन्या मासिकांच्या ढिगात कोरीच्या कोरी पडली होती. तारखा बरोबर, वार चुकीचे. चालतंय.)

नोकरी लागली. कशी लागली ते लिहून ठेवतो, नाहीतर महिन्याभराने मीच ती गोष्ट वेगळी सांगायला लागेन.

धक्क्यावर बोटीची वाट बघत होतो. कुठल्या बोटीची ते ठरलं नव्हतं. कंटाळा आला म्हणून तिकीटखिडकीतल्या माणसाचा आवाज काढून "रांगेत उभे राहा, रांगेत!" असं ओरडलो, तर लोक खरंच रांगेत उभे राहिले. खरा तिकीटवाला बाहेर आल्यावर सगळे माझ्यावर चिडले. एकच गृहस्थ चिडले नाहीत. उंच, सडपातळ, बोटांना वाळलेला गोंद. जवळ येऊन म्हणाले, "कुणाचाही आवाज काढतोस?"

"ऐकवा, काढतो."

त्यांनी खिशातून छोटासा टेप काढून माझ्या कानाशी धरला. कुणीतरी बोलत होतं. घोगरा, गोड आवाज, वाक्याच्या शेवटी जिना चढल्यासारखा जरा वर जाणारा. मी तसं बोलून दाखवलं. गृहस्थांनी मला तेच पुन्हा दोनदा बोलायला लावलं. मला वाटलं, फसलं. मग म्हणाले, "चल."

काम डबिंगचं. राहायला स्टुडिओची मागची खोली. खाटेखाली मांजर आहे, तिला एकच कान. दुसऱ्याचं काय झालं कोण जाणे.

मंगळवार

स्टुडिओ फर्निचरच्या दुकानाच्या वर आहे. खाली सुतारांचा रंधा दिवसभर चालतो. रेकॉर्डिंग सुरू करायचं असलं की ताई जमिनीवर टाच आपटते, मग खाली रंधा थांबतो. झालं की पुन्हा आपटते. सुतारांना आणि तिला एकमेकांची तोंडं माहीत नाहीत म्हणे.

ताई म्हणजे काचेपलीकडे मशीनवर बसते ती. केस पांढरे, जीभ तिखट. सकाळपासून मी तीन खुर्च्यांवर बसून पाहिलं आणि दोन कळा दाबून पाहिल्या, तेव्हा म्हणाली, "भिंगरी आहेस का रे? एका जागी बूड टेकव!" झालं, भिंगरी नाव पडलं.

कार्टून आहे. आमच्या जन्माआधीची जुनी विनोदी मालिका, बोलणारे पक्षी-प्राणी. आता तिला आपल्या भाषेत आणायचंय. हा जो भाग चाललाय त्यात कुठल्यातरी गाजलेल्या थरारपटाची टर उडवलीय. मला पोपट दिलाय. आणि या पोपटाला कोंबड्याच्या आवाजात बोलायचंय. कोंबडा ज्याने केला तो कलाकार अर्धं काम टाकून परदेशी जहाजावर गेला, करमणुकीच्या नोकरीवर. टेपमधला आवाज त्याचाच. इथे सगळे त्याला कोंबडेबुवा म्हणतात.

म्हटलं, "ताई, गोष्ट काय आहे?"

"तुला काय करायचीय? प्रत्येकाने आपापले तुकडे बोलायचे. चोच उघडली की बोल, मिटली की गप्प."

मग तुकडे बोललो. मागचं-पुढचं काही कळत नाही. एकात मी टेलिफोनवर म्हणतो, "मी बरा आहे, जेवलो." एकात आनंदाने उड्या मारत, "वा! काय सुंदर पिंजरा!" पोपट पिंजऱ्याला सुंदर का म्हणतो? विचारलं तर ताईने टाच आपटली.

बुधवार

हशा वेगळ्या ध्वनिपट्टीवर असतो! म्हणजे आपण जे कार्टून बघतो, त्यातले लोक वेगळ्या वेळी, वेगळ्या ठिकाणी हसलेले असतात. ताईने नुसता हशा लावून दाखवला. चित्र नाही, बोलणं नाही, रिकाम्या खोलीत शंभरेक माणसं हसतायत. सगळे थांबले की एक बाई उशिरा हसते, शेवटी उचकी लागल्यासारखी.

"ही कोण?"

"कुणास ठाऊक. हे सगळे आता मेले असतील," ताई म्हणाली आणि चहा ओतायला लागली.

साहेब (म्हणजे ते गृहस्थ, स्टुडिओ त्यांचा आणि कोंबडेबुवांचा अर्धा अर्धा होता) पुढच्या बाजूला नवीन केबिन बांधतायत. स्वतःच्या हाताने. सुतार पायाखाली असताना वर एकालाही येऊ देत नाहीत. भिंतीला लाकूड, त्यावर जाड फोम, त्यावर कापड. म्हणतात, आत माणूस ओरडला तरी बाहेर टाचणी पडल्याएवढंही येणार नाही. मी सवयीने भिंती ठोकून पाहिल्या. सगळीकडे पोकळ वाजतात, टक टक. डाव्या कोपऱ्यात मात्र ठस्स. साहेब मागेच उभे होते. म्हणाले, "तिथे जास्तीचा भरलाय. आवाज तिथूनच गळत होता."

जाता जाता त्यांनी ताईला विचारलं, "कोंबडेबुवाला भाऊ होता का गं?"

"नाही. एकुलता एक. का?"

"मग वहिनी कोण?"

"कसली वहिनी?"

"काही नाही," म्हणाले आणि गोंदाचा डबा घेऊन आत गेले.

शुक्रवार

साहेबांनी संध्याकाळी बोलावून घेतलं. मला वाटलं, मांजरीला दूध पाजतो म्हणून बोलणार. तसं नव्हतं. कोंबडेबुवांची म्हातारी आई बोटीच्या वाटेवर, दूरच्या गावी एकटी असते. मुलगा रोज सातला फोन करायचा. आता जहाजावरून त्याचा फोन लागत नाही. तिचं काळीज नाजूक. "तू त्याच्या आवाजात दोन शब्द बोललास तर पुण्याचं काम होईल," साहेब म्हणाले. "नवी केबिन होईपर्यंतच. मग बघू."

केबिनचा आणि म्हातारीच्या काळजाचा काय संबंध, हे विचारणार होतो. पण तेवढ्यात मांजर टेबलावर चढली आणि राहूनच गेलं.

एक अडचण मी आधीच सांगितली. मला मावशीने वाढवलं, त्यामुळे आईशी कसं बोलतात त्याचा सराव नाही. साहेब म्हणाले, "त्यात काय सराव? 'आई, मी बोलतोय' म्हणायचं."

मागे ते उभे राहिले. मी नंबर फिरवला.

"आई, मी बोलतोय."

पलीकडे काहीच नाही. श्वास तेवढा ऐकू येत होता. मला वाटलं, फोन बिघडला. बऱ्याच वेळाने आवाज आला, "...बोल."

"जहाजावर काम मिळालंय. मी बरा आहे."

"जेवलास का?"

"हो आई, जेवलो."

"बरं." आणि ठेवला.

म्हातारी जरा बहिरी असावी, उत्तर द्यायला वेळ घेते. बाकी ओळखलं नाही, छातीठोक सांगतो! साहेबांनी खूश होऊन मला गळ्यासाठी ज्येष्ठमधाची डबी दिली. पितळी, झाकणावर पोचा आलेली.

एक गंमत. 'आई' हा शब्द आज पहिल्यांदाच मोठ्याने कुणाला तरी म्हटला. तोंडात जरा वेगळाच लागतो. झोपताना मांजरीलाही म्हणून पाहिला.

रविवार

आज म्हातारी मोकळी बोलली.

"लहानपणी शिडीवरून पडला होतास, आठवतं का रे?"

आता मला काय माहीत! पण डोकं चालवलं. "न आठवायला काय झालं? पाय मोडला होता."

"कुठला?"

"डावा."

ती थांबली. मग म्हणाली, "हो. डावाच."

अंदाज बरोबर निघाला! साहेबांनीही पाठ थोपटली. त्यांचे हात थंडगार असतात, शर्टातूनही लागतात.

"मागे रंधा चालतोय का?" तिने विचारलं.

"हो. म्हणजे... जहाजावर सुतार असतो ना, आई."

"असतो का? बरं आहे. जेवलास?"

"हो आई, जेवलो."

खरं म्हणजे भूक लागली होती. पण साहेबांनी ठरवून दिलेलं उत्तर तेच आहे.

सोमवार

ताईने माझ्या हातात डबी पाहिली आणि तिचा चहा बशीत सांडला.

"ही कुठून आणलीस?"

"साहेबांनी दिली."

"कोंबडेबुवा डबीशिवाय जिनासुद्धा उतरत नसे. आणि समुद्रापार गेला?"

"विसरला असेल. मी एकदा बूट विसरून आलो होतो एका गावाहून, अनवाणी..." ही गोष्ट चांगली आहे, पण ताईने ऐकलीच नाही. ती काचेतून नव्या केबिनकडे बघत होती. साहेब आत कापडाला खिळे ठोकत होते. तोंड हलत होतं, काहीतरी पुटपुटत होते, पण खरंच, बाहेर काहीही येत नव्हतं.

संध्याकाळी म्हातारी म्हणाली, "काय चघळतोयस?"

"ज्येष्ठमध."

"पोचा आलेल्या डबीतला?"

"हो, तीच!" मी एकदम खूश. न सांगता जुळलं.

पलीकडे तिने फोन बाजूला ठेवला असावा. लांबून कसलातरी आवाज आला, भांडं घरंगळल्यासारखा. परत आली तेव्हा आवाज सर्दी झाल्यासारखा होता. म्हणाली, "तू काल खोकत होतास. रात्री पांघरूण घेत जा."

कोंबडेबुवा नशीबवान माणूस. अशी आई सोडून जहाजावर कोण जातं?

बुधवार

साहेब लाकडाच्या वखारीत गेले होते. मी ताईच्या इतका मागे लागलो की शेवटी तिने अख्खा भाग लावला. गोष्ट अशी आहे:

कोल्हा आणि कोंबडा भागीदार. एका दुपारी कोल्हा भागीदाराला खाऊन टाकतो. (दाखवत नाहीत. कोल्हा रुमालाने तोंड पुसतो, मिशीला एक पीस. हशा.) पण कोंबड्याची आई रोज मुलाच्या फोनची वाट बघणारी. फोन आला नाही तर ती गावभर बोंब मारणार. मग कोल्हा बाजारातून पोपट आणतो आणि रोज संध्याकाळी त्याच्याकडून कोंबड्याच्या आवाजात फोन करवतो. "मी बरा आहे, जेवलो." पोपटाला वाटतं, आपण केवढं पुण्याचं काम करतोय! नवी नोकरी, खायला दाणे, उड्या मारतो नुसता. इकडे कोल्हा हाडं लपवायला...

मी तर पोट धरून हसलो. पोपट इतका बावळट आहे! समोर पीस पडलंय, तो उचलून कान खाजवतो. ती उचकीवाली बाईसुद्धा माझ्याबरोबर हसली.

ताई हसली नाही. माझ्याकडेच बघत होती.

"साहेबांनी हा भाग कितीदा पाहिलाय माहितीये का रे तुला?"

"आवडला असेल. मस्तच आहे. शेवट काय होतो? पिंजऱ्याचं काय?"

"भिंगरी," ती म्हणाली, "अरे, तू..." पण जिन्यावर साहेबांची पावलं वाजली आणि तिने टेप बंद केला. शेवट राहिलाच. माझं मेलं असंच होतं, शाळेतही शेवटच्या तासाला मी कधी नसायचो.

झोप येत नाहीये. पोपट डोळ्यांसमोर येतो. हसायला येतं आणि मधेच थांबतं.

गुरुवार

मी शाबूत आहे. स्टेशनच्या बाकावर बसून लिहितोय. पळताना मागच्या खोलीतून ही वही तेवढी उचलली.

केबिन आज पूर्ण झाली. साहेब दिवसभर गुणगुणत होते. सातला ते नेहमीसारखे मागे उभे राहिले. मी नंबर फिरवला, "आई, मी बोलतोय."

ती ताबडतोब बोलली. पहिल्यांदाच.

"बाळ, तुझ्यामागे कुणी उभं आहे का? असेल तर म्हण, 'हो आई, जेवलो.'"

मला काही उमगेना, पण तोंडाला सवय झालेली.

"हो आई, जेवलो."

"मग नुसतं ऐक. चेहरा हलू देऊ नकोस. माझा मुलगा शिडीवरून कधी पडला नाही. आणि त्याने मला उभ्या जन्मात आई म्हटलं नाही. घरात त्याचे काका मला वहिनी म्हणायचे, तेच ऐकून तोही वहिनी म्हणायला लागला. चारचौघांत 'माझी आई' म्हणायचा, पण मला हाक वहिनीच. ठेच लागली तरी 'वहिनी गं!' म्हणून ओरडायचा. तू पहिल्या दिवशी आई म्हणालास तेव्हाच मला कळलं."

मी म्हटलं, "हवा चांगली आहे इथे."

"कळलं, पण माझ्याने कबूल होईना. तू बोलत होतास तोवर तो कुठेतरी आहे असं वाटायचं. आणि... आई म्हणून मला कुणी हाक मारली नव्हती रे कधी. उद्या पुन्हा ऐकू, उद्या पुन्हा ऐकू, असं करत राहिले. चुकलंच माझं. आज सकाळी मी वर्दीवाल्यांकडे जाऊन सगळं सांगितलंय. रंध्याचं सांगितलं, डबीचं सांगितलं. ते निघालेत. पण तू थांबू नकोस. काही निमित्त कर आणि नीघ. कळलं का?"

"हो आई, जेवलो," म्हटलं आणि फोन ठेवला.

"काय म्हणाली?" साहेब.

"नेहमीचंच."

"छान." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. थंडगार. "आता फोनची गरज नाही. झालं सगळं. चल, केबिनमध्ये आवाज तपासू. आत उभं राहायचा पहिला मान तुझा."

दार उघडलं. आत पिवळा दिवा, नवं निळं कापड, मधोमध एक माईक. गोंदाचा वास. आणि खरं सांगतो, दिसायला इतकी देखणी केबिन मी कुठे पाहिली नाही. माझं तोंड आपोआप उघडलं, "वा! काय सुंदर..."

आणि मिटलं. तो तुकडा माझाच होता. मागच्या मंगळवारी बोललो होतो, उड्या मारत. शेवट काय होतो ते मला न बघताच कळलं.

साहेबांचा हात पाठीवर सरकला आणि हलकेच ढकलायला लागला. काचेपलीकडे ताई उभी राहिली होती. मला ओरडायला आवाज नव्हता. माझा नव्हता म्हणजे. दुसऱ्याचा होता. घोगरा, गोड, शेवटी जिना चढणारा. त्या आवाजात, डाव्या कोपऱ्याकडे तोंड करून, मी म्हटलं,

"वहिनी गं!"

पाठीवरचा हात गळून पडला.

वळून पाहिलं तर साहेब दाराच्या चौकटीला धरून खाली बसत होते, हळूहळू, म्हाताऱ्यासारखे. "तू तिथे नव्हतास," म्हणाले. "कुणीच नव्हतं. तो काय ओरडला ते तुला कुणी सांगितलं? तू तिथे नव्हतास रे..." डोळे माझ्याकडे नव्हतेच, कोपऱ्याकडे होते.

ताईचा धक्का मशीनला लागला असणार. एकदम शंभर माणसं हसायला लागली. रिकाम्या स्टुडिओत, भिंतींतून, छतातून. मी साहेबांच्या अंगावरून उडी मारली. मागून ताईच्या टाचेचा आवाज येत होता, ती जमिनीवर आपटतच होती, आपटतच होती, आणि खाली सुतारांनी रंधा थांबवून जिन्याकडे धाव घेतली. ते वर, मी खाली. कुणी कुणाला काही विचारलं नाही. रस्त्यावर पोचलो तेव्हा हशा थांबला होता. फक्त ती उचकीवाली बाई राहिली होती.

शनिवार

साहेबांना वर्दीवाल्यांनी त्याच रात्री नेलं. काल दिवसभर मी वर्दीवाल्यांपुढे बसलो. सांगितलं ते सगळं त्यांनी लिहून घेतलं. मधेच मी मांजरीचं सांगायला लागलो की म्हणायचे, मुद्द्यावर या.

केबिनचा डावा कोपरा उघडला. मला बोलावलं नाही, मी गेलोही नसतो. ताई उभी होती. बाहेर येऊन एवढंच म्हणाली, "डबी त्याच्याजवळ ठेवू दे. दे इकडे." मी दिली. तोंडात एक तुकडा होता, तो थुंकायचा की गिळायचा ते कळेना.

त्या भागाचा शेवट बघायचाय का, असं तिने विचारलं. नको म्हटलं. मग तिने मांजर माझ्या हातात दिली. बोटीवर मांजर घेतात का, चौकशी करायला हवी.

धक्क्यावर टेलिफोनची पेटी आहे. समोर बोट लागलेली. सात वाजले आणि माझा हात आपोआप नंबर फिरवायला लागला. तिने उचलला, पण बोलली नाही. मीही बोललो नाही. कुठल्या आवाजात बोलायचं हेच कळेना, माझा आवाज तिने कधी ऐकलेलाच नाही. आणि हाक काय मारायची? वहिनी हा शब्द आता मला उच्चारायचा नाही. दुसऱ्या शब्दावर माझा हक्क नाही.

पलीकडे श्वास ऐकू येत होता, पहिल्या दिवशीसारखाच.

शेवटी तीच म्हणाली, "जेवलास का?"

मी घसा साफ केला. माझा आवाज जरा चिरकाच आहे.

"नाही, आई."

बोटीचा भोंगा वाजला. ती म्हणाली, "मग ये."

मांजर काखेत मारून मी तिकिटाच्या रांगेत उभा राहिलो.